महिन्यात चार तास चालणारा जनरेटर ऐन वेळी सुरू व्हावा म्हणून

चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं, तिरोड्याचं ३,३०० मेगावॉटचं. कोराडी, खापरखेडा, पारस, मौदा ही आणखी वेगळीच. एवढा कोळसा विदर्भात जळतो. तरी मे महिन्यात एक वादळ येतं, ११ केव्हीच्या तारेवर बाभळीची फांदी पडते आणि ‘लाइन गेली’. म्हणून जिनिंग, दालमिल, राइस मिल, संत्र्याचं शीतगृह, ग्रामीण रुग्णालय अशा प्रत्येक ठिकाणी आवारात एक छोटं वीजकेंद्र उभं असतं. ते डिझेलवर चालतं आणि बहुतेक दिवस नुसतं उभंच असतं.

खरी अडचण त्या उभं राहण्यातच आहे. रोज आठ तास चालणारा जनरेटर झिजतो, पण तो आधी सांगून झिजतो. उभा असलेला काही सांगत नाही. बॅटरी उतरते, डिझेलमध्ये पाणी साचतं, रेडिएटरच्या जाळीत रुईचे तंतू बसतात, आणि हे सगळं कळतं ते रात्री दोन वाजता सेल्फ मारल्यावर. इथे २५ ते १२५ केव्हीए क्षमतेच्या जनरेटर संचांचा विचार केला आहे. उदाहरणाला ६२.५ केव्हीएचा धरला आहे, कारण गावाकडे तो बराच दिसतो.

आधी आपल्या संचाचे आकडे माहीत हवेत

६२.५ केव्हीए म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टरला ५० किलोवॉट. ४१५ व्होल्टवर प्रत्येक फेजला पूर्ण भाराचा करंट सुमारे ८७ अँपिअर. १२५ केव्हीएला तोच १७४. हा आकडा पॅनेलच्या दारावर ऑइल पेंटने लिहून ठेवा, अँमीटरकडे पाहताना त्याचा उपयोग होतो.

पाटीवरचा आकडा मात्र मे महिन्यात तसाच धरू नये. अल्टरनेटरची क्षमता साधारणपणे भोवतालचं तापमान ४० अंश धरून दिलेली असते. बाहेर ४६ असताना कॅनॉपीच्या, म्हणजे संचाभोवतीच्या पत्र्याच्या पेटीच्या आत त्याहून जास्त असतं. उन्हाळ्यात भर दुपारी ६२.५ च्या संचावर ७० अँपिअरच्या वर जाऊ नये, असं आमचं मत. पाणी तापून संच बंद पडण्यापेक्षा एक एलिव्हेटर बंद ठेवलेला परवडतो.

मोटारींचा हिशेब वेगळा. २० एचपीची मोटार चालताना सुमारे २८ अँपिअर घेते, पण थेट स्टार्टरवर सुरू होताना सहापट, म्हणजे १७० च्या आसपास. ८७ अँपिअरच्या संचावर हा झटका बसला की व्होल्टेज खाली बसतं, बाकीच्या स्टार्टरांमधले मोटार जोडून ठेवणारे कॉन्टॅक्टर सुटतात आणि सगळं पुन्हा शून्यापासून. स्टार-डेल्टा स्टार्टर हा झटका साधारण एक तृतीयांशावर आणतो. क्रम असा ठेवा: सर्वांत मोठी मोटार आधी आणि एकटी, ती पूर्ण वेगात आली की त्याखालची, दिवे-पंखे-कॉम्प्युटर शेवटी. बरेच जण उलटं करतात, कारण अंधारात आधी दिवाच हवा असतो. त्यासाठी एक छोटा इन्व्हर्टर वेगळा ठेवा.

महिन्याची चाचणी भार घालूनच

दर शनिवारी पाच मिनिटं रिकामा संच फिरवायचा आणि ‘चालू आहे’ म्हणून बंद करायचा, ही पद्धत सगळीकडे दिसते. ती उपयोगाची तर नाहीच, उलट नुकसान करते. भार नसेल तर सिलिंडर तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, न जळलेलं डिझेल आणि काजळी यांचा चिकट काळा थर एक्झॉस्टमध्ये, टर्बोवर आणि इंजेक्टरच्या टोकाशी बसतो. सायलेन्सरच्या जोडातून काळं ओघळ दिसू लागलं की हेच झालं असं समजा. शिवाय पाच मिनिटांत बॅटरीतून जेवढं गेलं तेवढंही भरून येत नाही.

त्याऐवजी महिन्यातून एकदा, पण निदान अर्धा तास आणि निदान ३० टक्के भारावर चालवा. ६२.५ केव्हीएला ३० टक्के म्हणजे १५ किलोवॉट, फेजला सुमारे २६ अँपिअर. जमलं तर निम्म्या भारावर, म्हणजे ४३ अँपिअरवर न्या. अर्ध्या तासाला चारेक लिटर डिझेल लागतं. ते वाया गेलं असं मानू नका.

हंगाम संपलेल्या दालमिलमध्ये भार आणायचा कुठून? ब्लोअर, एलिव्हेटर रिकामे फिरवा. रुग्णालयात एसी, गिझर, ऑटोक्लेव्ह एकाच वेळी लावा. २ किलोवॉटचे आठ गिझर म्हणजे १६ किलोवॉट झाले. पिंपात मिठाचं पाणी आणि लोखंडी पट्ट्या सोडून भार तयार करणारे मिस्तरी भेटतात. चाचणीपुरतं ते काम करतं, पण उघड्या पाण्यात ४१५ व्होल्ट असतात. ज्या आवारात लेकरं, मजूर, जनावरं फिरतात तिथे हा प्रकार नको.

चाचणी अशी करा:

१. सुरू करण्याआधी ऑइलची काडी, कूलंटची पातळी आणि पट्ट्याचा ताण पाहा. पट्टा दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबला की साधारण १० ते १२ मिलीमीटर दबावा.
२. डिझेल फिल्टरखालच्या वॉटर सेपरेटरचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढा. दहा मिनिटं स्थिर ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसतो.
३. सेल्फ मारताना मल्टिमीटर बॅटरीच्या टोकांवर लावलेला असू द्या. कशासाठी ते पुढे येतंच.
४. सुरू झाल्यावर तीन मिनिटं रिकामा चालू द्या. ऑइलचं प्रेशर, व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी नोंदवा. जुन्या मेकॅनिकल गव्हर्नरच्या (गव्हर्नर म्हणजे वेग सांभाळणारा भाग) इंजिनावर रिकाम्या स्थितीत ५२ हर्ट्झच्या आसपास दिसेल. भार आला की ते ५० कडे उतरतं. इलेक्ट्रॉनिक गव्हर्नरवर ते ५० लाच राहायला हवं.
५. भार टप्प्याटप्प्याने घाला आणि तिन्ही फेजचे करंट लिहा. एका फेजला ५० आणि दुसरीला १५ असं दिसत असेल तर सगळी सिंगल फेज उपकरणं एकाच फेजवर अडकली आहेत. वायरमनकडून ती वाटून घ्या.
६. पाण्याचं तापमान ८० ते ९० अंशांच्या दरम्यान स्थिरावतं का ते पाहा. अर्ध्या तासातही ६० च्या खाली राहिलं तर भार कमी आहे किंवा थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे.
७. भार काढून तीन ते पाच मिनिटं रिकामा चालवा आणि मग बंद करा. टर्बो असलेल्या इंजिनाला हे चुकवू नका. गरम टर्बोचं ऑइल एकदम थांबलं की बेअरिंगमध्ये ते जळून कोळसा होतं.

धूर पाहायची सवय लावा. काळा म्हणजे भार जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थंड इंजिनावर मिनिटभर चालतो. नंतरही राहिला तर इंजेक्टर पाहा, आणि सोबत कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट.

बॅटरी

संच सुरूच झाला नाही, तर पहिला संशय बॅटरीवर घ्यावा. तो बहुधा खरा निघतो.

पूर्ण चार्ज झालेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर काही तास विश्रांतीनंतर १२.६ च्या आसपास दिसतं. पण नुसत्या या आकड्यावर भरवसा नको. म्हातारी बॅटरीही १२.६ दाखवते आणि सेल्फ मारला की ८ वर बसते. म्हणून सेल्फ मारतानाचं व्होल्टेज पाहायचं. १२ व्होल्टच्या प्रणालीत ते ९.६ च्या खाली आणि २४ व्होल्टच्यात १९ च्या खाली जात असेल, तर आधी टोकं साफ करून पुन्हा पाहा. तरीही तेच आलं तर बॅटरी बदला. पुढच्या वादळाची वाट पाहू नका.

बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजणारा हायड्रोमीटर शे-दोनशे रुपयांना मिळतो. भरलेल्या बॅटरीत प्रत्येक सेलला १.२४० ते १.२६० यायला हवं. पाच सेलना १.२५० आणि एकाला १.१५० असेल तर तो सेल गेला, चार्जिंग करून काही होणार नाही. शिसं-आम्लाच्या बॅटरीचं तापमान दर १० अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं आणि आपोआप उतरण्याचा वेग दुपटीच्या जवळ जातो. पुस्तकात चार-पाच वर्षं लिहिलेली बॅटरी आपल्याकडे कॅनॉपीच्या आत दोन-तीन वर्षांत जाते ती त्यामुळे. शक्य असेल तर ती कॅनॉपीच्या बाहेर, सावलीत, लाकडी फळीवर ठेवा. मात्र केबल लांबली की जाडीही वाढवावी लागते.

बॅटरी सतत भरलेली ठेवणारा फ्लोट चार्जर हवाच; तो साधारण १३.५ व्होल्टवर ठेवा. सतत १४.४ देणारा साधा चार्जर उन्हाळ्यात बॅटरीचं पाणी उकळवून संपवतो. वर घालायचं ते डिस्टिल्ड वॉटरच. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी बॅटरीत ओतणं म्हणजे तिला मीठ पाजणं. फिल्टरच्या कॅनचं पाणीही डिस्टिल्ड नव्हे.

टोकांवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुवा, कोरडी करा, घट्ट आवळा, मग व्हॅसलिन लावा. केबल काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी.

डिझेल

डिझेल सहा महिन्यांच्या वर जुनं होऊ देऊ नका. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, रात्री गार होते, आतल्या हवेतलं बाष्प पत्र्यावर जमून तळाशी उतरतं. जून ते सप्टेंबर हा त्याचा खास हंगाम. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या थरात जिवाणू वाढतात. त्यांचा काळपट शेंबडासारखा गाळ दोन दिवसांत फिल्टर बंद करतो. उपाय साधा आहे: टाकी नव्वद टक्क्यांच्या वर भरलेली ठेवा आणि तळाच्या प्लगमधून महिन्याला अर्धा लिटर काढून पाहा.

साठा किती हवा? पाऊण भारावर ६२.५ केव्हीए तासाला सुमारे ११ लिटर घेतो. १२० लिटरची टाकी म्हणजे साडेदहा-अकरा तास. खांबच पडले तर दोन दिवस लागू शकतात, तेव्हा ५०० लिटर हाताशी असलेले बरे. डिझेल हे ‘ब’ वर्गातलं पेट्रोलियम. एका जागी एकूण २,५०० लिटरपर्यंत, आणि कोणतंही एक भांडं १,००० लिटरच्या वर नसेल, तर पेट्रोलियम कायद्याचा साठवणुकीचा परवाना लागत नाही.

ड्रम उभा ठेवू नका. वरच्या कडेत पावसाचं पाणी साचतं, आणि रात्री ड्रम गार झाला की ते बुचातून आत ओढलं जातं. आडवा ठेवा, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत. ओतताना बारीक जाळीचं नरसाळं वापरा. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची टाकी किंवा पाइप डिझेलला वापरू नये. जस्त डिझेलमध्ये उतरतं आणि त्याचा गाळ इंजेक्टरपर्यंत पोहोचतो. साधा काळा लोखंडी पाइप चांगला.

ऊन, रुई आणि माती

रेडिएटरच्या जाळीवर जिनिंगमध्ये रुईचा तंतू आणि दालमिलमध्ये तुरीचा भुसा बसतो. त्यात ऑइलचा हलका फवारा मिसळला की त्याची नमद्यासारखी चटई तयार होते. साफ करताना हवा नेहमी ज्या दिशेने जाते त्याच्या उलट बाजूने कमी दाबाची हवा मारा. गाडी धुण्याच्या प्रेशर पंपाने पत्र्या वाकतात आणि जाळी कायमची बंद होते. जिनिंग चालू असताना हे दर आठवड्याला करा, इतर वेळी महिन्याला. एअर फिल्टरही हंगामात तपासून बदला. झटकून-झटकून तोच घालण्यात बचत नाही. फाटलेल्या कागदातून गेलेली धूळ सिलिंडर खाते.

संच नव्याने बसवत असाल तर गरम हवेचं तोंड पश्चिमेला आणि वायव्येला नको. उन्हाळ्यातली झळ त्याच बाजूने येते आणि पंख्याची हवा मागे ढकलते. समोर भिंतही नको. धुराड्याची उंची काढायचा प्रदूषण नियंत्रण मंडळाचा नियम सोपा आहे: इमारतीच्या उंचीत केव्हीएच्या वर्गमुळाची ०.२ पट मिळवायची. ६२.५ चं वर्गमूळ ७.९, म्हणजे छताच्या वर १.६ मीटर. बंद खोलीत संच ठेवून धूर दारातून सोडणं जिवावर बेतू शकतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कूलंट तयार मिश्रणाचंच वापरा आणि दोन वर्षांनी बदला. बोअरचं जड पाणी घातलं की ब्लॉकच्या आत क्षार बसतो आणि तो निघत नाही. ऑइल, ज्याला गावात सगळे मोबिलच म्हणतात, ते पुस्तकातल्या तासांवर किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा बदलायचं. ‘चाळीसच तास चालला आहे’ म्हणून तीन वर्षं तेच ठेवू नका. उभ्या इंजिनातही त्यात ओल आणि आम्ल तयार होतं.

किडामुंगीकडे दुर्लक्ष नको. कुंभारमाशी टाकीच्या श्वासनळीत, म्हणजे हवा आत येण्याच्या नळीत, मातीचं घर बांधते. मग टाकीत निर्वात होतो, संच अर्ध्या तासाने बंद पडतो, आणि लोक फिल्टर बदलत बसतात. टाकीचं झाकण उघडताना ‘फुस्स’ झालं तर श्वासनळी पाहा. उंदरांसाठी केबलची छिद्रं सिमेंटने किंवा स्टीलच्या घासणीने बुजवा.

काळी माती आणि अर्थिंग

न्यूट्रलला दोन आणि बॉडीला दोन असे चार वेगळे अर्थपिट, म्हणजे अर्थिंगचे खड्डे लागतात. पाया भरताना काळी माती काढून मुरूम ठोकून भरावा लागतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. अर्थिंगलाही तीच माती नडते, हे कमी जण लक्षात घेतात. पावसाळ्यात ती फुगते आणि रोध सुंदर येतो. एप्रिल-मेमध्ये हातभर भेगा पडतात आणि पाइप मातीपासून सुटतो. म्हणून अर्थ टेस्टरने मोजणी मे महिन्यात करा. ऑगस्टमधला आकडा नुसतं समाधान देतो. २ ओहमच्या आत ठेवा, उन्हाळ्यात दर आठवड्याला प्रत्येक पिटात दोन बादल्या पाणी घाला. खारपाणपट्ट्यात रोध आपोआप कमी येतो, पण तेच मीठ लोखंडी पट्टी आणि क्लॅम्प खाऊन टाकतं. तिथे वर्षाला पिट उघडून पाहा.

न्यूट्रल सुटला तर फेजचं व्होल्टेज २३० वर राहत नाही. एकीकडे १५०, दुसरीकडे ३०० होऊन फ्रीज, बल्ब, संगणक एकदम जातात.

चेंजओव्हर

भार लाइनवरून जनरेटरवर नेणारा चेंजओव्हर स्विच चार पोलचाच हवा, न्यूट्रलही तोडणारा. लाइन आणि जनरेटर कधीही एकत्र येता कामा नयेत. जनरेटरची वीज उलटी डीपीत गेली की तोच ट्रान्सफॉर्मर तिला ११,००० व्होल्ट करतो, आणि वर खांबावर लाइन बंद आहे असं समजून काम करणारा वायरमन असतो. दोन्ही टोकांना पिन लावलेली केबल सॉकेटमध्ये घालून घरात वीज आणणारे अजून आहेत. ती केबल दिसली की कापून टाका. संच बसवताना विद्युत निरीक्षकाची तपासणी आणि मंजुरी घ्यायची ती यासाठीही.

आपोआप सुरू होणाऱ्या एएमएफ पॅनेलमध्ये तिन्ही फेज पाहणारा रिले आहे ना, हे तपासा. गावात पूर्ण लाइन जाण्याइतकाच एक फेज उडण्याचा प्रकार होतो. एकाच फेजवर लक्ष ठेवणारं पॅनेल गप्प बसतं आणि मोटारी दोन फेजवर जळतात. लाइन गेल्यावर पाच-दहा सेकंद थांबून सुरू होणं ठीक. लाइन परत आल्यावर मात्र निदान तीन मिनिटं थांबवा. वादळानंतर लाइन दोन-तीनदा येते-जाते, आणि प्रत्येक वेळी भार इकडून तिकडे गेला तर कॉम्प्रेसर मरतो.

सुरू होत नाही तेव्हा

सेल्फ दहा सेकंदांच्या वर दाबू नका. मध्ये मिनिटभर थांबा, तीन वेळांनंतर सोडून द्या आणि कारण शोधा.

नुसतं ‘टक्’ वाजतं: बॅटरी, सैल टोक किंवा सेल्फचा सोलेनॉइड. इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण दाबलेलं राहिलंय का, हे आधी पाहा. हसू नका, हे फार वेळा घडतं.

फिरतं पण पेटत नाही: डिझेल संपलं होतं का? मग लाइनमध्ये हवा शिरली आहे. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की आवळा. कॉमन रेल इंजिनावर, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाचं डिझेल जातं त्यावर, जास्त दाबाचे पाइप सैल करू नका. तिथला फवारा कातडीच्या आत शिरतो.

सुरू होऊन काही सेकंदांत बंद: ऑइलची पातळी पाहा. ती ठीक असेल तर ऑइल प्रेशरचा स्विच किंवा त्याची वायर. तो स्विच ‘डायरेक्ट’ करून चालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

इंजिन छान चालतंय पण व्होल्टेज नाही: पावसाळ्यानंतर आणि लांब विश्रांतीनंतर हे दिसतं. अल्टरनेटरच्या लोखंडात उरणारं थोडं चुंबकत्व गेलेलं असतं, किंवा एव्हीआरचा, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या सर्किटचा फ्यूज गेलेला असतो. चुंबकत्व परत देण्याचं काम बॅटरीने क्षणभरात होतं, पण ते जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच. उलट टोकं लागली तर एव्हीआर जातो. ओल आली असेल तर ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन मोजून घ्या. एक मेगाओहमच्या खाली असेल तर भार घालू नका, आधी वाइंडिंग वाळवा. मेगर लावण्याआधी एव्हीआरच्या वायरी सोडवायच्याच.

१ जुलै २०२३ नंतरच्या, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘सीपीसीबी ४ प्लस’ धूर-मर्यादेतल्या संचांपैकी मोठ्यांना युरियाचं द्रावण, म्हणजे डीईएफ लागतं. ते ३२.५ टक्क्यांचं असतं आणि ३५ अंशांवर साधारण सहा महिन्यांतच खराब होऊ लागतं. क्वचित चालणाऱ्या संचासाठी २० लिटरचे कॅन साठवून ठेवू नका, थोडं आणा आणि घरातल्या गार खोलीत ठेवा.

वहीत चार रकाने पुरेत: तारीख, तासांचा मीटर, टाकलेलं डिझेल, तयार झालेली युनिटं. चांगल्या भारावर लिटरला तीन ते साडेतीन युनिटं निघतात. दोनवर आली तर इंजेक्टर, फिल्टर किंवा डिझेल चोरी, तिन्ही तपासा. वहीच्या पुठ्ठ्यावर मेकॅनिकचा नंबर, डीपीचा क्रमांक आणि चावी रात्री कुणाच्या घरी असते ते लिहा. वही आणि चार्ज केलेला टॉर्च दाराच्या आतल्या खिळ्याला टांगा.